आधी ओळख गिऱ्हाइकानं दाखवायची

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

देवाची कृपा आहे, आम्ही ठीक आहोत. म्हणजे भिंती उभ्या आहेत आणि चूल पेटते आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून हे पत्र घरी न धाडता शिवणवर्गाच्या पत्त्यावर धाडते. कारण विचारत नाही. चार बायकांसमोर हातात पत्र आलं की वजन वाढत असेल, एवढं मलाही कळतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या भावाचं काहीतरी बिनसलंय.

आधी माळ्यावरची लोखंडी खाट गेली. विचारलं तर म्हणाले, "एका गिऱ्हाइकाला हवी होती." ठीक. मग जाड चादर गेली. मग चहाचं भांडं. आणि परवा कपाट उघडते तर निळ्या चौकडीचा पडदा नाही! तोच, ज्याला मी माझ्या जुन्या पिवळ्या पोलक्याचं ठिगळ लावलं होतं. माझ्या घरातून सुतळीचा तोडासुद्धा मला विचारल्याशिवाय बाहेर जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाइकाला घर दाखवायचं असतं, संसार थाटून द्यायचा नसतो."

"येईल सगळं परत."

"कोण गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक."

झालं. भिंतीशी बोलावं तर ती निदान प्रतिध्वनी तरी देते.

त्यांच्या घरदलालीचे नियम मला नवे नाहीत. कोण घर शोधतंय, कोण विकतंय, कुणाला किती निकड आहे, यातलं अक्षर घरात बोलायचं नाही. रस्त्यात गिऱ्हाईक दिसलं तर आपण ओळख दाखवायची नाही. आधी त्यानं दाखवायची, मग आपण. का, तर तो घर शोधतोय हेच कुणाला कळायला नको असेल. मागे आपले डॉक्टर समोरून आले तर हे आभाळाकडे बघत पुढे गेले. डॉक्टरांना वाटलं, यांनी माझं बिल बुडवलंय. मी हसून सोडून देते. पण ऑफिसातल्या फळीवर सगळ्या घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात, वन्सं, आणि एक किल्ली तेवढी यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात असते. शर्ट धुवायला टाकताना आधी किल्ली काढतात, मग शर्ट देतात.

तुम्ही पाठची बहीण. तुमच्याजवळ काही बोलले असतील तर मला कळवा. लपवू नका. वर बसलेला बघतोय.

तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वर्गात वाचलं आणि सुई बोटात गेली. दादा आणि दुसरी बाई? अगं, त्याला पहिलीच्याच नजरेला नजर देताना घाम फुटतो!

तो असाच आहे. लहानपणी शेजारच्या काकूंचा आरसा फुटला होता. फोडणारा कोण हे दादाला पक्कं माहीत होतं. आईनं लाटणं घेतलं, बाबांनी पट्टा काढला, पण पठ्ठ्यानं तोंड उघडलं नाही. आईला आजही माहीत नाही. मला आहे, पण ते सोड.

तो म्हणतो, "आपण घर विकावं, गिऱ्हाइकाची अडचण विकू नये." खाटेचं आणि पडद्याचं मनाला लावून घेऊ नकोस. कुणाच्या तरी उपयोगी पडत असतील. त्या माणसाला तुझ्या ठिगळाची ऊब लागत असेल.

एक सांगायचं राहिलं. घरी फोन करू नकोस. फोन हॉलमध्ये, यांच्या खुर्चीला लागून असतो. डायलला छोटं कुलूप आहे आणि किल्ली यांच्याकडे. आलेला फोन आधी तेच घेतात. तेव्हा पत्रच बरं, आणि वर्गाच्याच पत्त्यावर.

तुझी,
धाकटी

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

फोनला कुलूप! वाचून मला जावईबापूंचा हेवाच वाटला. याला म्हणतात काटकसर. नाहीतर आमच्याकडे फोन म्हणजे धर्मशाळा, येईल त्यानं बसावं आणि फिरवावं.

पण आता ऐका. माझा पडदा सापडला.

चष्म्याची काडी मोडली म्हणून छापखान्याच्या गल्लीत गेले होते. दुकान बंद. सहज वर मान केली, तर छापखान्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर, कडेच्या खिडकीत, निळी चौकडी आणि खालच्या कोपऱ्यात माझं पिवळं ठिगळ. वन्सं, माझ्या हाताचा टाका मी शंभर टाक्यांत ओळखेन. पाय आपोआप जिना चढले. दाराला कुलूप. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. मी पाणी मागितलं आणि विषय काढला.

"इथे कोण राहतं हो?"

"राहत नाही अजून कुणी. एक बाई येते अधूनमधून. झाडते, पुसते, खिडकीत बसते आणि जाते."

"एकटीच?"

"सोबत ते घरांचे एजंट असतात ना, ते. पण ते दारातच उभे राहतात. भले गृहस्थ आहेत."

"आणि बाई कशी आहे दिसायला?"

"डोक्यावरून पदर असतो, काय दिसणार? एक खांदा वर करून चालते, बस, जशी काही अदृश्य पिशवीच लटकवली आहे. तुम्ही कोण तिच्या?"

कोण म्हणून सांगू? पडद्याची मालकीण? तशीच जिना उतरले. दारात उभे राहतात म्हणे! माझ्यासारखी कोणी बघत असेल म्हणून उभे राहत असतील.

घरी आल्यावर देवापुढे बसले, पण जपाचे मणी हातात आणि डोळ्यांपुढे तो पडदा. तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला. स्वतःहून! सगळ्यांची चौकशी केली. तुमच्या भावाचं काम कसं चाललंय, कुठल्या भागात जास्त घरं निघतात, सगळं आपुलकीनं विचारलं. माझा आवाज ऐकून म्हणाले, "वहिनी, काही मनात असेल तर मला परका समजू नका." माझ्या तोंडातून निघणारच होतं, पण हे दारात आले म्हणून ठेवला.

वन्सं, मी त्यांनाच सांगणार आहे. शहाणा माणूस आहे. यांना दोन शब्द समजावतील. माझं सगळं आयुष्य या एका माणसावर टांगलेलं आहे, आणि ती खुंटीच हलायला लागली तर मी काय करू?

वहिनी

२४ फेब्रुवारी

वहिनी,

यांना काही सांगू नकोस. एक शब्दही नको. हात जोडते.

त्यांनी फोनवर नेमकं काय विचारलं आणि तू नेमकं काय सांगितलंस, ते लगेच कळव. मी तिथे येते-जाते का, असं विचारलं का? दादा कुठल्या गल्लीत जातो ते तू बोललीस का? मला खरं सांग. तू त्यांना स्वतःहून फोन केला होतास का?

त्या खोलीकडे पुन्हा जाऊ नकोस. दादा तसा नाही. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

धाकटी

१ मार्च

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. तीनदा वाचलं, म्हणजे माझाच काही समज चुकला असेल तर कळावं. पण नाही. मला वाटलं होतं, पत्रातून तुम्ही माझे डोळे पुसाल. तुम्ही उलट माझी झडती घेतलीत. जावईबापूंना मी फोन केला होता का म्हणे! मी काय चोरटी आहे?

आता सगळं लक्षात आलं. "त्या खोलीकडे जाऊ नकोस." म्हणजे खोली आहे, तुम्हाला ती ठाऊक आहे, आणि आत कोण असतं तेही ठाऊक आहे. ठिगळाची ऊब लागत असेल, असं लिहिताना तुमचा हात कसा धजावला? भाऊ-बहीण एक झालात. शेवटी पाण्याहून रक्त दाट, आणि वहिनी म्हणजे उंबऱ्याबाहेरची. इतकी वर्षं मी तुम्हाला पाठची बहीण मानलं, हाच माझा बावळटपणा.

म्हणून मी काल जावईबापूंना पत्र लिहिलं. गल्ली, छापखाना, तिसरा मजला, पडदा, डोक्यावरून पदर घेऊन एक खांदा वर करून चालणारी ती बाई, सगळं. या घरात माझ्या बाजूनं बोलणारं एक तरी माणूस असावं.

तुम्ही खुशाल असालच.

वहिनी

६ मार्च

आदरणीय वहिनीसाहेब,

आपलं पत्र पोचलं. आपण माझ्यावर विश्वास टाकलात, हा आपला मोठेपणा. घराची अब्रू घरातच राहावी या मताचा मीही आहे, तेव्हा निश्चिंत असावं.

फक्त एक-दोन गोष्टी कळल्या तर बरं होईल. त्या बाईचा कोणता खांदा वर असतो, उजवा की डावा? खोली कुणाच्या नावानं घेतली आहे? ती तिथे कायमची राहायला कधी येणार, असं काही कानावर आलं का?

माझी पत्नी अधूनमधून आपल्याकडे दिवसभरासाठी येते आणि दर वेळी आपल्या पाहुणचाराचं तोंडभरून कौतुक करते. मागच्या महिन्यातही आपण तिला आग्रहानं रात्रीपर्यंत ठेवून घेतलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. या पत्राविषयी मात्र तिच्याशी बोलू नये. स्वतःच्या भावाचं ऐकून बिचारीला दुःख होईल.

पंधरा दिवसांत मी स्वतःच येतो. समक्ष बोलू.

आपला नम्र

८ मार्च

वन्सं,

हे पत्र टपालानं येत नाही. तुमच्या भावाच्या हाती देते आहे. कुठे निघालात असं मी त्यांना विचारलं नाही, आणि "वन्संना द्या" असंही म्हटलं नाही. नुसतं पाकीट पुढे केलं. त्यांनी घेतलं आणि पिशवीत ठेवलं.

काल जावईबापूंचं उत्तर आलं. मी तुम्हाला आग्रहानं ठेवून घेतलं म्हणे! वन्सं, तुम्ही आमच्या घरी शेवटच्या आलात तेव्हा समोरचं झाड रोपटं होतं. आणि खांदा. उजवा की डावा, विचारतायत. शिवणयंत्रावर वाकून वाकून कुणाचा उजवा खांदा वर राहिला आहे, हे शेजारच्या त्या बाईला माहीत नसेल. मला माहीत होतं. मीच ते शेजारणीकडून ऐकलं, मीच लिहून पाठवलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. संशयानं माझी मान एकाच बाजूला वळली होती, दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

मग फोनचं कुलूप आठवलं. काटकसर म्हटलं होतं मी! वर्गाच्या पत्त्यावर पत्रं का, तेही कळलं. स्वतःच्या श्रीमुखात मारून घ्यावीशी वाटली.

हे जेवायला आले. पान मांडलं, पण वाढलं नाही. म्हटलं, "मी त्या खोलीबद्दल जावईबापूंना लिहिलं."

माझ्याकडे बघत म्हणाले, "कोणती खोली?"

तेव्हासुद्धा! पण पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता खाली ठेवला. उठले आणि बाहेर पडले. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात माझी. तसेच गल्लीच्या टोकापर्यंत गेले.

संध्याकाळी हातगाडीवर खाट, चादर, भांडं, सगळं परत आणलं. पडदा माझ्या हातात दिला. "हॉलच्या खिडकीला लाव," एवढंच म्हणाले. मी लावत होते, तर मागून आवाज आला, "माझ्या घरातून फुटलं." मला नाही, स्वतःलाच बोलत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "एका शब्दानं सांगितलं असतंत तर?"

म्हणाले, "माझं असतं तर सांगितलं असतं."

त्यांचं नव्हतंच ते.

वन्सं, वर्गातून परस्पर निघा. घरी पिशवी घ्यायला जाऊ नका, कपडे मी माझे देईन. कुठे जायचं ते तुमच्या भावाला विचारा, मला सांगू नका. मला सांगाल तर मी कुणाला सांगेन, याचा माझाच मला भरवसा उरलेला नाही.

वहिनी

२३ मार्च

प्रिय वन्सं,

पाकिटावर पत्ता नाही. तुमच्या भावाच्या टेबलावर ठेवते. त्यांच्याकडे असं एखादं गिऱ्हाईक असेल तर पोचेल, नसेल तर परत येईल. परत आलं तर मी काही म्हणणार नाही.

तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते. ते आले होते.

आधी छापखान्याच्या गल्लीत जाऊन आले असावेत, कारण बुटांना तिथली काळी शाई लागली होती. खोली रिकामी मिळाली असणार. मग आमच्याकडे. पांढरा सदरा, कडक इस्त्री, चेहऱ्यावर हसू. मी पाणी दिलं, खुर्ची दिली. हे ऑफिसात होते. बोलावू का विचारलं, तर म्हणाले, "नको, मला तुमच्याशीच बोलायचंय."

मग जवळ सरकून बसले. "वहिनी, ती तुमच्याकडे आहे का?"

"कोण हो?"

"माझी पत्नी. दोन आठवडे झाले घरी नाही."

"घर बघा की सगळं. दोन खोल्या आणि एक मोरी. देवघरातही डोकवा, फक्त चप्पल काढून."

खरंच उठले, आणि बघूनही आले. माळ्यावर मान वर करून पाहिलं. खाट तिथेच होती. मग आवाज थोडा चढला.

"तुम्ही मला पत्रात लिहिलंत. खोली, बाई, खांदा."

"लिहिलं," मी म्हटलं. "मी संशयी बाई. गल्लीत कुणालाही विचारा. दूधवाल्यानं कमी माप दिलं तर मी त्याच्या सात पिढ्यांवर संशय घेते. यांच्यावर घेतला. देवाशपथ सांगते जावईबापू, माझा संशय खोटा निघाला."

वन्सं, मी आयुष्यात देवाची शपथ खोटी घेतली नाही, आणि तीही खोटी नव्हती. शब्द न् शब्द खरा होता. देवानं तेवढी वाट माझ्यासाठी ठेवली होती म्हणायची.

"आणि पडदा?"

"कोणता पडदा?" मी म्हटलं. अगदी यांच्याच सुरात म्हटलं. माझं मलाच हसू येणार होतं, ते दाबलं. मी खिडकीकडे हात केला. निळी चौकडी, पिवळं ठिगळ, वाऱ्यानं हलत होतं. ते उठून त्याच्याजवळ गेले, ठिगळ दोन बोटांत धरून उलटंसुलटं पाहिलं. मला वाटलं, आता फाडतात. पण सोडलं. मग खरं बोलले. "मी तिला काय कमी केलं? सगळं मोजून, नीट दिलं. कुठे जाते, कधी येते, याची एवढी काळजी कोणता नवरा करतो?"

त्यांना ते खरंच वाटतं, वन्सं. मलाही महिन्यापूर्वी वाटलं होतं. म्हणून जास्त भीती वाटली.

जाताना दारात म्हणाले, "दादांच्या धंद्यात गावातलं प्रत्येक रिकामं घर त्यांना ठाऊक असतं. तुम्ही त्यांना विचारून मला कळवाल?"

मी म्हटलं, "त्यांच्या गिऱ्हाइकांचं आमच्या घरात बोललं जात नाही. आधी मला त्याचा राग यायचा."

गेले. मी दाराला कडी लावली आणि कडीला हात धरूनच उभी राहिले. पुन्हा येतील. येऊ देत. पाणी देईन.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग जेवताना स्वतःच्या हातानं मला आधी वाढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आतल्या खिशात आता एक वेगळी किल्ली असते. शर्ट देताना ती काढायला विसरले, तर मी न बघता पुढे केली. त्यांनी घेतली.

तुमच्या पत्रातल्या त्या आरशाचं मला आता कळलं. तुम्हीच होतात ना? उत्तर देऊ नका.

एकच मागणं आहे. तुम्ही याच गावात असाल तर कधीतरी समोरून याल. मी नियम पाळीन. आभाळाकडे बघत पुढे जाईन. राग आला म्हणून गेले असं समजू नका. आधी ओळख तुम्ही दाखवायची. जेव्हा दाखवावीशी वाटेल तेव्हा. नाहीच वाटली, तरी माझी तक्रार नाही. तो हक्क मी स्वतःच घालवला आहे.

तुमची,
वहिनी

१६ एप्रिल

वहिनी,

काल तू भाजीच्या गाड्यासमोर उभी होतीस. मी पलीकडे, टोपल्यांच्या आडोशाला. तू मला पाहिलंस, हे मला कळलं, कारण तुझ्या हातातला कांदा घसरला. तो उचललास, भाजीवाल्याशी दरावरून घासाघीस केलीस आणि खरंच आभाळाकडे बघत गेलीस. समोरच्या खड्ड्यात पाय गेला तरी मान खाली घातली नाहीस.

मी तिथेच उभी राहिले. आधी मागे पाहिलं, मग दोन्ही बाजूंना. ती सवय मोडायला वेळ लागेल.

तुलाही मी संशयानं पाहिलं. तुला विचारायच्या ऐवजी झडती घेतली. दादा मला म्हणाला होता, "वहिनीला सांगायचं तर तू सांग, मी सांगणार नाही." मी सांगितलं नाही. यांचा फोनवरचा गोड आवाज तुला फिरवेल, असं वाटलं. आवाजानं तुला फिरवलंही. पण समोर बसल्यावर फिरवता आलं नाही.

माझ्या खोलीची खिडकी उघडी आहे. उन्हं थेट यंत्रावर येतात. कपडा विकत घेतला, पण अजून कापला नाही. तुझ्या पडद्याचं मापही तूच घेतलं होतंस, मला टाका येतो पण खिडकीचं माप चुकतं.

उद्या त्याच गाड्यापाशी ये, त्याच वेळी. पिशवीत टेप घेऊन ये. तू पुढे निघून जाऊ नकोस.

मी आधी हाक मारीन.

धाकटी